देऊळ, समुदाय भवन की शाळेची खोली? गावातल्या मंडळांनी एकत्र कुठे बसावं

बेळगावच्या पश्चिमेकडची गावं घ्या किंवा खानापूर तालुका घ्या, एकेका गावात भजनी मंडळ, युवक मंडळ, शिवजयंती उत्सव मंडळ, दोन-चार स्त्रीशक्ती संघ (बायकांचे बचत गट) आणि जमलं तर एखादं वाचनालय असतंच. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमनी अशा गावांत वर साहित्य संमेलनाची तयारी करणारी मंडळीही असतात. सगळ्यांना बसायला जागा हवी आणि स्वतंत्र खोली एकालाही परवडत नाही. मग एकच छप्पर वाटून घ्यायचं ठरतं आणि तीन जागांची नावं निघतात: देवळाचा सभामंडप, ग्रामपंचायतीचं समुदाय भवन, मराठी शाळेतली रिकामी खोली.

बहुतेक ठिकाणी जागा बघताना लोक आकार, पंखे आणि फरशी बघतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. गावात ज्या गटाचं वजन सगळ्यात कमी, त्याला आठवड्यातली आपली संध्याकाळ कुणाच्या मिनतवाऱ्या न करता मिळेल का? तिन्ही जागा मी याच प्रश्नावर तोलल्या आहेत.

देवळाचा सभामंडप

जागा गावाच्या मध्यावर, भाडं नाही, लाईटचं बिल देवस्थानाच्या नावावर. पंच कमिटीशी एका संध्याकाळी बोलणं झालं की काम झालं. अर्ज नको, शिक्का नको. भजन, पारायण, गणेशोत्सवाची बैठक यांसाठी याहून चांगली जागा गावात नाही आणि तिथे कुणी उगाच आवाज चढवत नाही, हाही फायदा मोठा.

अडचण पहिली पंचांगाची. कार्तिकातली काकडआरती, नवरात्र, पारायणाचा सप्ताह, यात्रा. काही गावांत लक्ष्मी यात्रा अनेक वर्षांनी येते आणि त्या वर्षी कित्येक महिने सभामंडप तयारीलाच लागतो. तेवढ्या काळात वाचनालयाची कपाटं आणि संघाची बैठक कुठे जायची?

दुसरी अडचण खरी मोठी आहे. स्त्रीशक्ती संघात साधारण 15 ते 20 बायका असतात. कर्नाटकात ही योजना 2000-01 मध्ये सुरू झाली आणि तिचा सगळा कणा आठवड्याच्या बैठकीत आहे: बचत गोळा होते, कर्ज कुणाला द्यायचं ते तिथेच ठरतं. बैठक देवळात ठेवली की पाळीच्या दिवसांत बायका येत नाहीत. म्हणजे दर आठवड्याला दोघी-चौघींच्या माघारी त्यांच्याच पैशांचा निर्णय होतो. हे चुकीचं आहे, आणि याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही म्हणून तर जागा निवडतानाच त्याचा विचार व्हायला हवा. गावातल्या मुसलमान घरांचं आणि ज्यांना देवळाच्या पायरीवर अजूनही अवघडल्यासारखं होतं त्या घरांचंही तेच. रक्तदान शिबिराला ते येतील, पण दर आठवड्याला नाही येणार.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या. देऊळ मुजराई खात्याकडे, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडे असेल तर 1997 च्या धर्मादाय कायद्यामुळे पंचांचा शब्द शेवटचा राहत नाही.

समुदाय भवन

भवन आमदार निधीतून झालेलं असो की खासदार निधीतून, ते पंचायतीच्या ताब्यात असलं की सगळ्या गावाचं असतं. चप्पल कुठे काढायची इथपासून कोण कुठे बसणार इथपर्यंत कुणाला संकोच नाही. माझं मत याच जागेकडे झुकतं. पण तिचे त्रासही पुष्कळ.

किल्ली वॉटरमनकडे (गावाला पाणी सोडणाऱ्याकडे) आणि वॉटरमन टाकीवर. लग्नसराईत भवन भाड्याने जातं, तेव्हा मंडळांना कुणी विचारत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरकारी इमारत म्हणून कुलूप पडतं. अर्ज कन्नडमधून करावा लागतो. गावात कन्नड चांगलं लिहिणारी पोरं आता भरपूर आहेत, त्यांना हे काम सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

इथे तोंडी परवानगीवर अजिबात राहू नका. एखादा सदस्य ‘वापरा की, आपलंच आहे’ म्हणतो. ते त्याची पाच वर्षं संपेपर्यंत चालतं. पुढचा सदस्य दुसऱ्या गल्लीचा निघाला की सगळं पहिल्यापासून. वॉर्डसभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते. कुठल्या गटाला कुठला वार आणि कुठली वेळ, हे तिथे मांडा, पंचायतीच्या बैठकीत त्याचा ठराव करून घ्या आणि त्याची नक्कल पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीने ठेवा. या एका कागदाने निम्मी भांडणं मिटतात.

शाळेची खोली

पटसंख्या घटल्यामुळे बऱ्याच मराठी शाळांत एखादी खोली रिकामी असते. बाकं आहेत, फळा आहे, पटांगण आहे, एसडीएमसीत (शाळेच्या व्यवस्थापन समितीत) आपलेच पालक आहेत. वाचनालयाला ही जागा तिन्हींत उत्तम, कारण पोरं आपोआप पुस्तकांपर्यंत पोचतात. बाकीच्यांना मात्र मी ती सुचवणार नाही. शिक्षण खात्याची परवानगी लागते, वापर शाळा सुटल्यावर किंवा रविवारीच करायचा, आणि ढोल, झांजा, मांडवाचं सामान तिथे ठेवायला सुरुवात झाली की वर्गाची अडगळ होते. आपली शाळा टिकवायला आपण इतकी वर्षं झटतोय, तिचं गोदाम आपल्याच हाताने करायचं का?

पावसाचंही बघायलाच हवं. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर काय कोसळतं ते ठाऊक आहेच. जागा उन्हाळ्यात बघून ठरवू नका, आषाढात एकदा जाऊन या. पत्रे असतील तर पावसाच्या आवाजात बैठक होत नाही, कौलं फुटकी असतील तर पुस्तकांना बुरशी येते आणि ढोलाचं कातडं सैल पडतं.

संस्था नोंदवून स्वतःची खोली बांधावी, असंही कुणीतरी सुचवतंच. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा 1960 प्रमाणे किमान 7 सभासद लागतात, शिवाय दरवर्षी हिशेब आणि कार्यकारिणीची यादी द्यावी लागते. फलकाचं बघायचं तर त्यावर 60 टक्के कन्नड हवं असा नियम 2024 पासून लागू आहे, तोही आधीच विचारून घ्या. जमीन किंवा अनुदान मिळायची खरी शक्यता असेल तरच या वाटेला जा. नुसतं बसायला जागा हवी असेल तर हा खटाटोप नको.

मग निवडायचं कसं? गावात फक्त भजनी मंडळ आणि युवक मंडळ असेल तर देऊळ पुरेसं आहे. एक जरी महिला संघ सोबत असेल तर समुदाय भवनच घ्या, त्रास सोसून घ्या, आणि वाचनालय शाळेत ठेवा. भवन नसेल किंवा कायमचं कुलपात असेल तर बायकांच्या बैठकीपुरती शाळेची परवानगी काढा, त्यांना देवळात ढकलू नका.

ठराव झाल्यावर प्रत्येक गटातला एकेक माणूस घेऊन छोटी समिती करा. हेस्कॉमचं (विजेचं) बिल पंचायत भरणार की गट वाटून घेणार, ते पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. आणि किल्लीच्या दोन प्रती करून घ्या: एक पंचायतीकडे, दुसरी महिला संघाच्या अध्यक्षांकडे. युवक मंडळाला हवी असेल तेव्हा त्यांनी ती ताईंकडून मागून न्यावी.