मदर इंडियाची डीव्हीडी: आठ महिने वापरल्यावर

रविवारी दुपारी जेवणं आटपून आईसाठी डिस्क लावली. सिनेमातला धाकटा मुलगा बिरजू मोठा होऊन पडद्यावर आला आणि थोड्या वेळात चित्र गोठलं. आधी चौकोन चौकोन, मग काळा पडदा. आठ महिने वापरतोय, जवळजवळ दर पंधरा दिवसांनी लागते. लिहायचं लिहायचं म्हणत राहून जात होतं, आज लिहूनच टाकतो.

दादरच्या एका दुकानात जुन्या साठ्यातून 299 रुपयांना घेतली. ऑनलाइन बघता येतो हे मलाही ठाऊक आहे. पण मध्येच जाहिरात घुसते, आमच्याकडे नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि आईला प्लेअरचं एक बटण दाबणं जमतं. तिने हा सिनेमा 1957 साली नऊ वर्षांची असताना लिबर्टीला पाहिला होता, आजोबांचा हात धरून, ठाकूरद्वारहून चालत जाऊन. आता ती 77 वर्षांची आहे. तिच्यासाठी पैसे मोजून घेतली, म्हणूनच इतकं मनाला लागतं.

पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "अरे, नर्गिस एवढी रुंद नव्हती रे." मी डिस्कलाच दोष दिला. दोष टीव्हीचा निघाला. त्या काळचं चित्र चौकोनाच्या जवळ जाणारं, आणि आमचा टीव्ही ते ताणून पडदाभर पसरवत होता. सेटिंगमध्ये 4:3 केल्यावर सगळी माणसं मापात आली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात, दिसू देत.

चित्र आणि आवाज मला अपेक्षेपेक्षा खूपच चांगले वाटले. कॅमेरामन फरदून इराणींनी टिपलेली ती माती, कापणीची शेतं, शेवटी कालव्याचं लाल होणारं पाणी, सगळं नीट उतरलंय. 'दुनिया में हम आए हैं' लागलं की आई डोळे मिटते. लता, उषा, मीना तिघी बहिणी त्यात गायल्यात, आणि मीनाताईंचा आवाज आला की ती बोट वर करते. सावकार सुखीलाला दिसला की "आला मेला" म्हणते. कन्हैयालालनी हीच भूमिका याच कथेवरच्या 1940 च्या 'औरत'मध्येही केली होती, हे मी तिला सांगितलं. म्हणाली, "तेव्हाही असाच छळला असेल."

आता डिस्कवरच्या लोगोबद्दल. उजव्या खालच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव, पांढरट, सिनेमा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. 172 मिनिटं. एक क्षणही जात नाही. पहिल्यांदा बघताना आई उठली आणि पदराने टीव्हीचा कोपरा पुसायला लागली. तिला वाटलं डाग आहे. दोनदा पुसला. "हे जात का नाही रे?" मला काय सांगावं कळेना. राधा, म्हणजे नर्गिस, बैलाच्या जागी स्वतः नांगर ओढते, चिखलात गुडघ्यापर्यंत, खांद्यावर जू. अशा दृश्यात नजर त्या नावाकडे जाते. पायरसी रोखायला करतात म्हणे. पण चोरून बघणाऱ्याला त्याचं काय! तो तसाच बघतो. भोगतो तो पैसे मोजणारा. कव्हरवर ऑस्कर नामांकनाचं ठळक छापलंय, आणि आत त्याच सिनेमाच्या अंगावर शिक्का. दिग्दर्शक मेहबूब खानांच्या चौकटीत दुसऱ्या कुणी आपलं नाव लिहावं, हे मला आजही पटत नाही.

रविवारची गोष्ट राहिली. मऊ कापडाने डिस्क मधून बाहेर अशी सरळ पुसली, गोल गोल नाही. फरक पडला नाही. दुकानदाराने "उघडलेली डिस्क परत घेत नाही" म्हणून हात वर केले, कव्हरवरचा फोन नंबर बंद. मंगळवारी एका मित्राच्या लॅपटॉपवर लावली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत अडखळली नाही. मोठ्या सिनेमाची डिस्क दोन थरांची असते, आणि आमच्या जुन्या प्लेअरच्या लेन्सला दुसरा थर वाचता येत नव्हता. लॅमिंग्टन रोडला 450 रुपये देऊन लेन्स बदलून आणली. म्हणजे डिस्कपेक्षा दुरुस्ती महाग. पण डिस्कला मी उगीच बोल लावला होता, तो मागे घेतो.

लोगोबद्दलचा एक शब्दही मागे घेत नाही. काल पुन्हा लावली. कालव्याचं पाणी लाल होताना आई थोडी पुढे झुकली आणि कोपऱ्यावर हात आडवा धरून बघत राहिली. लोगो नसलेली आवृत्ती कुणी काढली तर मी 600 रुपयांनाही घेईन, त्याच दिवशी.