पोरांचे ऑनलाइन ग्रुप गेम: आठ महिन्यांचा आमचा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाली, पाऊस लागला आणि पोरांचं खेळायचं ग्राउंड चिखलात गेलं तेव्हा हे सुरू केलं, आता फेब्रुवारी आलाय. बऱ्याच जणी विचारतात की पोरांच्या हातात गेम देऊन टीमवर्क कसलं शिकवतेस, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझा मुलगा सहावीत आहे. घरात बडबड्या, पण चार पोरांत गेला की गप्प. गेल्या वर्षी शाळेत गटानं प्रोजेक्ट होता तर ह्यानं सगळा तक्ता एकट्यानं घरी बसून रंगवला, बाकीच्या तिघांना काही विचारलंच नाही, ती पोरं चिडली आणि हा घरी येऊन रडला. बाई म्हणाल्या, हुशार आहे पण कुणाला सोबत घेत नाही. ते मला फार लागलं.

मग चौघांची टीम जमवली. हा, पुण्यातली माझ्या नणंदेची मुलगी, इचलकरंजीचा जावेचा मुलगा आणि कळंब्याचा एक वर्गमित्र. शनिवारी संध्याकाळी एक तास, बुधवारी अर्धा तास, व्हॉट्सॲपवर ग्रुप कॉल लावून. व्हिडिओ बंद ठेवायचा हे सुरुवातीलाच ठरवलं आणि ते लई बरं झालं, का ते पुढं कळेल.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' चा. कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्सचा आहे, 2015 चा, मोबाईलवर पण चालतो. एकाच्या स्क्रीनवर बॉम्ब असतो, बाकीच्यांकडं तो निकामी कसा करायचा त्याचं मॅन्युअल. बॉम्बवाल्यानं मॅन्युअल बघायचं नाही, मॅन्युअलवाल्यांनी बॉम्ब बघायचा नाही, फक्त बोलायचं, म्हणूनच व्हिडिओ बंद. गेम एकानंच विकत घ्यायचा, मॅन्युअल त्यांच्या साईटवर फुकट आहे, 23 पानं, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून तिन्ही घरी दिली. पहिल्या बॉम्बला पाच मिनिटं मिळतात, तिसऱ्या चुकीला फुटतो, आणि प्रत्येक चुकीनंतर घड्याळ जोरात पळतं त्यामुळं पोरं घाबरीघुबरी होतात.

पहिल्या शनिवारी काय झालं, माझ्या मुलाकडं बॉम्ब होता आणि तो सारखा "ते बघ की, ते, इकडचं" करत होता. नणंदेची मुलगी वैतागून ओरडली, "अरे इकडचं म्हणजे कुठलं, तू बघालास ते मला दिसतंय काय?" हा एकदम गप्प झाला. मला वाटलं आता उठून जातोय. पण थोडा वेळ थांबून म्हणाला, "तीन वायरी हायत. वरनं पहिली निळी, मग लाल, मग परत निळी." तिनं पानावरनं वाचलं, लाल नसेल तर दुसरी काप, पण लाल आहे, शेवटची पांढरी असेल तर शेवटची काप, ती पण नाही, मग निळ्या एकापेक्षा जास्त असतील तर शेवटची निळी काप. कापली, हिरवा दिवा लागला आणि दोन्हीकडनं जो काय आरडाओरडा झाला! माझ्या मते शिकणं खरं त्या क्षणी सुरू झालं. मला दिसतंय ते समोरच्याला दिसत नाही, हे आपण पोरांना दहा वेळा सांगितलं तरी शिरत नाही, इथं पाच मिनिटांत शिरलं.

त्यात एक चिन्हांचा भाग आहे, चित्रविचित्र अक्षरं असतात आणि ती ठरलेल्या क्रमानं दाबायची. ह्यांनी सगळ्यांना आपली नावं पाडली. त्रिशूळ, घोड्याची नाल, फुगा, रिकामी चांदणी, भरलेली चांदणी, हसरा चेहरा. एकाला इचलकरंजीवाला 'जिलेबी' म्हणायचा आणि माझा 'साप', त्यावरनं दोनदा बॉम्ब फुटला, मग त्यांनी स्वतःच मॅन्युअलच्या पानावर पेन्सिलनं नावं लिहून एकमेकांना फोटो पाठवले. मी सांगितलं नव्हतं हो.

आमची पोरं मराठी माध्यमाची आणि मॅन्युअल इंग्रजीत, त्यामुळं पहिला महिना जड गेला. एका ठिकाणी तर कानाला सारखेच वाटणारे इंग्रजी शब्द असतात, 'युअर' चे दोन-तीन प्रकार, स्पेलिंग वेगळं. तिथं एकेक अक्षर सांगावं लागतं आणि ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवावं लागतं. ही परत म्हणून दाखवायची सवय आता घरात पण आलीय, दुकानात पाठवलं तर यादी म्हणून दाखवतो मग जातो.

दुसरा माइनक्राफ्ट, ठोकळे रचून बांधकाम करायचा गेम. तो सगळ्यांना माहीत आहे, 2011 पासनं आहे. आम्ही लढाईबिढाई नको म्हणून क्रिएटिव्ह मोड ठेवला, म्हणजे नुसतं हवं ते बांधत बसायचं, आणि दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी पन्हाळा बांधायला घेतला. किल्ल्याचा तीन दरवाजा एकाकडं, अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार दोघांत, तटबंदी वर्गमित्राकडं. इथं बोलणं वेगळं लागतं, कारण सगळ्यांना सगळं दिसतं, भांडण होतं ते कामाच्या वाटणीवरनं. एकदा टीममधल्या धाकट्यानं टीएनटी, म्हणजे गेममधला सुरुंग, लावून अर्धा अंबरखाना उडवला. थोरली, नणंदेची मुलगी, कॉल सोडून गेली. मला मध्ये पडायचा फार मोह झाला पण नाही पडले, दोन दिवस अबोला चालला आणि बुधवारी माझ्याच मुलानं दोघांना फोन लावून सांगितलं की उडवला त्यानं दगड रचायचे आणि तिनं माप सांगायचं. गप्प बसणारं माझं पोरगं, त्यानं सांगितलं.

एक वाईट अनुभव पण सांगते. सप्टेंबरमध्ये पोरांच्या हट्टापायी एक दुसरा फुकटचा गेम घेतला, त्यात अनोळखी लोक पण टीममध्ये येतात आणि माईक चालू असतो. तिसऱ्याच दिवशी कुणीतरी मोठ्या आवाजाचा माणूस माझ्या मुलाला फोन नंबर विचारायला लागला, कॉइन देतो म्हणाला. मी शेजारी भाजी निवडत बसले होते म्हणून कळलं. लगेच ब्लॉक, रिपोर्ट, गेम काढून टाकला. तेव्हापासनं ओळखीच्याच पोरांची खाजगी रूम, दुसरं नाही. असं कुणाच्या बाबतीत पैशापर्यंत गेलं तर 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि सासूबाईंना वाटायचं की सरकारनं सगळे गेम बंद केलेत, तसं नाही, 2025 च्या ऑगस्टमधला कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे.

आई-बाबांना एवढंच सांगेन की खोलीत बसा पण उत्तरं देऊ नका. पहिले काही आठवडे मी मागनं "अरे बॉम्बवरच्या बॅटऱ्या मोज" म्हणायचे आणि पोरं माझ्याकडं बघून थांबायची, मी गप्प झाले तेव्हा एकमेकांना विचारायला लागली. आणि बॉम्बवाला प्रत्येक वेळी बदला, नाहीतर जो चपळ आहे तोच कायम चालवतो. वेळ संपली की बंद, ह्यावर आमच्यात अजून रडारड होते, ते सुटलेलं नाही.

ऑक्टोबरात पाऊस थांबला आणि फुटबॉल परत सुरू झाला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे सांगायला नको, पाटाकडील आणि दिलबहार ह्या इथल्या दोन टीमांची मॅच असली की आमच्या घरात जेवणाची वेळ बदलते. माझा मुलगा गल्लीत गोलकीपर असतो, कुणी घेत नाही म्हणून. आधी गोल खाल्ला की मान खाली घालून उभा राहायचा. गेल्या रविवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, खालनं ह्याचा आवाज आला, "मागं डावीकडं एकटा हाय, लाल शर्ट, त्याला धर!" आणि त्या पोरानं मागं वळून लाल शर्टवाल्याला धरला.