जुन्या वस्तूंच्या दुकानाची ई-मेल यादी: गल्ल्यावरची वही की संकेतस्थळावरची नोंदणी?

ठाण्यात नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत पितळी समया, घंगाळे आणि शिसवी पेट्या विकणाऱ्याला ग्राहकांची ई-मेल यादी वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. गल्ल्यावरच्या वहीत नाव लिहिणाऱ्याने वस्तू हाताळलेली असते, त्यामुळे नावे थोडी असली तरी ती खऱ्या गिऱ्हाइकांची असतात. ‘अडकित्ते’, ‘जुनी कुलुपे’ अशी आवडही नावासमोर टिपून ठेवता येते, आणि तसा अडकित्ता हाती आला की नेमक्या त्याच माणसाला कळवता येते. मात्र हस्ताक्षरातील एक अक्षर चुकले तरी पत्ता वाया जातो, म्हणून खात्रीची ई-मेल ग्राहकासमोरच पाठवावी.

संकेतस्थळावरील नोंदणी पुण्या-नाशिकपर्यंत पोहोचते, पण केवळ सवलतीच्या आमिषाने आलेले लोक बहुधा टिकत नाहीत. त्याऐवजी उपयुक्त माहिती द्यावी: खरी झीज समईच्या कडांवर आणि हात लागतो तिथे अधिक दिसते, तर रसायनाने आणलेला जुनेपणा बहुधा सर्वत्र सारखाच असतो. सोबत वस्तूच्या तळाचे छायाचित्र हवेच.

ई-मेल पाठवण्याची संमती दोन्हीकडे स्पष्ट घ्यावी. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या निर्यात करता येत नाहीत, म्हणून परदेशी पत्त्यांची भरती या धंद्याला फारशी उपयोगाची नाही. माझ्या मते नव्या दुकानाने वहीपासूनच सुरुवात करावी.