मेकअपची बॅग, फ्लायचं सामान आणि एक चेन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

चेन गेली ती रात्री साडेनऊला, लेक जॉर्जजवळच्या भाड्याच्या केबिनमध्ये. चेन म्हणजे माझ्या फ्लाय बांधायच्या सामानाच्या बॅगेची; फ्लाय म्हणजे मासा फसवायला गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा. सकाळी कोलोरॅडोतल्या इलेव्हन माइल कॅन्यनमध्ये मासेमारीला पाण्यात उतरायचं होतं. रनर पुढे सरकला आणि मागे दात जुळलेच नाहीत. मागे आणला, पुन्हा पुढे नेला. रनर या टोकाला आणि बॅग त्या टोकापर्यंत आ वासून. पायजम्याची नाडी आत गेल्यावर माणसाचा जसा चेहरा होतो तसा माझा झाला असणार, कारण सोबतचा मित्र काही न बोलता चहा टाकायला उठला.

परतताना बॅग माझ्याच कमरेच्या पट्ट्याने आवळून आणली. हा अनुभव त्या रागात लिहायला घेतलाय, त्यामुळे चेनबद्दल गरजेपेक्षा जास्त वाचावं लागेल. आधीच सांगून ठेवतो.

राहतो डेन्व्हरच्या बाहेर, नाद साउथ प्लॅट नदीचा. तिथल्या ट्राउट माशांनी फार फ्लाय बघितलेल्या आहेत. वीस-बावीस नंबरच्या गळावर बांधलेली, तांदळाच्या दाण्याएवढी फ्लाय त्यांना लागते, आणि तीही त्या दिवशी पाण्यावर जे किडे उडतायत त्यांच्याच रंगाची. घरून डबाभर बांधून नेल्या तरी हवी ती नेमकी नसते. म्हणून रात्री केबिनवर बसून बांधायच्या, आणि म्हणून सामान फिरतं हवं. व्हाइस म्हणजे गळ पकडून ठेवणारा छोटा शिकंजा, बॉबिन म्हणजे दोऱ्याचं रीळ धरायची दांडी, हॅकल म्हणजे कोंबड्याची पिसं.

या बॅगेआधी मी काय काय करून पाहिलं ते बायकोला तोंडपाठ आहे. कुकीजचा निळा पत्र्याचा डबा. ऑफिसने दिलेली लॅपटॉपची बॅग. आणि मिसळणाचा डबा. सात वाट्या, प्रत्येकीत वेगळ्या मापाचे गळ नाहीतर मणी, वर एकच झाकण. कल्पना तेव्हा फारच भारी वाटली होती. मिसळणाचा डबा स्वयंपाकघरातून कधी प्रवासाला निघत नाही, एवढी साधी गोष्ट लक्षात आली नाही. याच नदीच्या ड्रीम स्ट्रीम नावाच्या पट्ट्याला जाताना केनोशा पास घाटाच्या वळणावर तो मागच्या सीटवरून कलंडला आणि सातही वाट्यांची भेळ झाली. १८ नंबरचे गळ, २२ नंबरचे गळ, पितळी मणी, काचेचे मणी. घरी आल्यावर फ्रिजवरचं लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवलं; गळ पोलादाचे म्हणून वर आले, मणी खाली राहिले. इथवर ठीक. पण १८ आणि २२ वेगळे करणारं चुंबक अजून निघालेलं नाही. दोन संध्याकाळी चष्मा कपाळावर ढकलून तेच करत बसलो होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये ही बॅग घेतली. मेकअपची, काळी, साधारण ४० सेंटिमीटर लांब, आत सरकवता येणारे कप्पे, झाकणात आरसा. ३८ डॉलर. खास फ्लाय बांधण्यासाठी म्हणून ज्या बॅगा विकतात त्या मी पाहिल्या तेव्हा दीडशेच्या घरात होत्या. जास्तीच्या पैशांत बाहेर उडी मारणाऱ्या ट्राउटचं भरतकाम आणि आत चार खिसे जादा. मासा मला नदीत दिसला तरी पुरतो.

पहिल्या दिवशी सामान लावताना मात्र मी थक्क झालो. ब्रश ठेवायच्या पट्ट्यांत बॉबिन, बॉडकिन (दाभण), व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचा आकडा), कात्री असे बसले की जणू माप घेऊनच शिवल्यात. लिपस्टिकच्या खाचांत दोऱ्यांची रिळं. नेलपॉलिशच्या खणात मी नेलपॉलिशच ठेवतो. फ्लायच्या डोक्यावरची गाठ पक्की करायला साधं बिनरंगी नेलपॉलिश फ्लाय बांधणाऱ्यांतले किती जण वापरतात ते सांगायला नको. सगळ्यात फायदा आरशाचा. व्हाइसच्या मागे झाकण उभं केलं की फ्लायची पलीकडची बाजू दिसते. पंख वाकडा बसला तर तिथल्या तिथे कळतं, आधी व्हाइस फिरवून मान वाकडी करावी लागायची.

आणि मनातल्या मनात एक हिशेबही पुरा झाला. २०११ मध्ये इथल्या सलूनवाल्यांनी केसांत पिसं लावायची फॅशन काढली होती. कोलोरॅडोतल्याच डेल्टा गावी व्हाइटिंग फार्म्स आहे, फ्लायच्या हॅकलसाठीच कोंबडे पैदास करणारं. त्यांच्या कोंबड्यांच्या पाठीवरची लांबलचक पिसं मुलींच्या केसांत जाऊन बसली, भाव आभाळाला भिडले आणि फ्लाय बांधणारे हात चोळत राहिले. त्यांनी आमची पिसं नेली, मी त्यांची पेटी आणली.

हॅकलची अख्खी केप, म्हणजे कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट कातडं, मात्र या बॅगेत मावत नाही, दुमडायची तर सोयच नाही. मी आता केप घरीच ठेवतो. कुठल्या तीन-चार फ्लाय बांधायच्या ते निघण्याआधी ठरवतो आणि तेवढीच पिसं मोजून नेतो. आरएस-टू ही या नदीची घरचीच फ्लाय, रिम चंग यांनी केलेली. तिला शेपटीचे दोन तंतू, चिमूटभर करडं डबिंग (दोऱ्यावर पिळायची लव) आणि पंखाला पिसाचा मऊ भाग एवढं पुरतं. इंग्लंडच्या फ्रँक सॉयरच्या मूळ फेझंट टेल या फ्लायला तर दोराही लागत नाही. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, संपलं. काटकसरी माणसाने तीच बांधावी.

जड बैठकीचा व्हाइस यात नेऊ नका, बॅगेचा तळ खाली लोंबतो. मी सी क्लॅम्पवाला नेतो. केबिनमधल्या टेबलाची कड त्याच्या जबड्याहून जाड निघाली, तेव्हा ड्रॉवर अर्धा उघडून त्याच्या पुढच्या फळीला क्लॅम्प लावला. काम भागलं, फक्त पोट ड्रॉवरला टेकत होतं.

आता कुरकुरी. बॅगेसोबत प्लॅस्टिकचे पारदर्शक पाऊच येतात. हिवाळ्यात इथली हवा इतकी कोरडी असते की त्या पाऊचमधून माराबूचं, म्हणजे मऊ फुललेलं, एक पीस काढायला जावं तर सात पिसं पाऊचच्या आतल्या अंगाला चिकटून बसतात, आणि सुटलं की थेट बाहीवर. सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीजवळची मऊ पिसं, त्यांचं तर विचारूच नका. दुसरं, डेन्व्हर मुळात ५,२८० फुटांवर, तिथे घट्ट बंद केलेली बाटली आठ-साडेआठ हजार फुटांवर उघडली की आतली फुगलेली हवा गोंद बाहेर ढकलते. हा दोष बॅगेचा नाही. उलट आतलं अस्तर गुळगुळीत आहे, ओल्या फडक्याने पुसलं की साफ. सांडासांडी धरूनच बनवलेली वस्तू आहे.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीला साताऱ्याला गेलो तेव्हा बॅग सोबत होती. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे पात्याच्या खिळ्यापासून चार इंचांच्या आतली कात्री हातातल्या सामानात चालते, म्हणून माझी दीड इंचाची कात्री बिनधास्त गेली. परतताना भारतातल्या तपासणीत काढून घेतली. चूक माझी, मोठ्या बॅगेत टाकायला हवी होती. पण २२ डॉलरची कात्री ट्रेमध्ये नेलकटरांच्या ढिगावर पडलेली पाहताना पोटात कालवलं.

त्याच फेरीत मामाने मोरपिसांची जुडी पुढे केली. "घेऊन जा की, रानात पडून असतात." मामाचं खरं होतं आणि हातही शिवशिवत होते; ग्रिफिथ्स नॅट या फ्लायचं अंग मोरपिसाच्याच तंतूचं. पण गळून पडलेलं मोरपीस देशात चालत असलं तरी बाहेर न्यायला बंदी आहे. जुडी मामाच्या देवघरातच राहिली. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी, आणि त्याच्या पिसांची पुडी मी कोलोरॅडोत डॉलर मोजून घेतो. असो.

तर चेन. बॅग तीन बाजूंनी उघडते आणि चेनची वाट बरोबर माराबूच्या कप्प्याच्या काठावरून जाते. मेकअपच्या सामानाला पिसं फुटत नाहीत, त्यामुळे हे शिवणाऱ्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. दर वेळी बंद करताना एखादा तंतू रनरमध्ये ओढला जायचा. मी हिसडा द्यायचो. सात महिने हिसडे दिले. गरम टोपातून पापड काढावा तसा एकेक तंतू चिमट्याने ओढून काढायचो, तरी रनरच्या पोटात करड्या लोकरीसारखा गोळा जमलेला असायचाच.

कंपनीला मेल केली. पावती मागितली, दिली. फोटो मागितला, दिला. दुसऱ्या कोनातून मागितला, तोही दिला. चौथ्या मेलला उत्तर आलं : फोटोत चेनमध्ये पिसांचे तंतू दिसतात, ही बॅग सौंदर्यप्रसाधनांसाठी आहे, इतर वापरातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं, मेकअपच्या ब्रशलाही केस असतात आणि तेही गळतात. त्यावर तक्रार "निकाली" म्हणून बंद. प्रामाणिकपणे जवळून फोटो काढला हीच माझी चूक. पाचपैकी दोन तारे, तेही आरशाचे.

इथपर्यंतचं एप्रिलच्या शेवटी लिहून ठेवलं होतं. पोस्ट करायच्या आत दोन गोष्टी झाल्या, म्हणून पुढचं.

आई तेव्हा आमच्याकडे होती. कचऱ्याच्या डब्याशेजारी बॅग बघून म्हणाली, "ही का टाकलीस?"

"चेन गेलीय."

तिने रनर दोनदा मागे-पुढे केला. "अरे, चेन कुठं गेलीय? दात धडधाकट आहेत. रनर सैल झालाय. पकड आण."

घरातली पकड सापडेना. शेवटी गळाचा उलटा काटा दाबून सपाट करायला मी जी चपट्या तोंडाची छोटी पकड वापरतो तीच दिली. आईने रनर चेनच्या सुरुवातीला नेला, त्याची डावी कड किंचित दाबली, मग उजवी. एकदम नाही, जरा दाबायची आणि फिरवून बघायचं. तिसऱ्या दाबाला रनरच्या मागे दात मिटत गेले. मग नातीच्या वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती घेऊन तिने पूर्ण चेनीवर घासली.

सात महिने मी दातांना शिव्या घालत होतो. रनर घासून घासून त्याच्या दोन कडांमधली फट वाढते, मग तो दात एकमेकांत दाबू शकत नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे इथे लिहिण्याची गरज नव्हती, पण घरात त्या संध्याकाळी ते तीनदा निघालं.

दुसरी गोष्ट पाऊचची. पिसं बाहीवरून उपटताना मला पाहून आईने माझा जुना सुती सदरा फाडला आणि सहा बटवे शिवले, नाडीचे. सुताला पिसं चिकटत नाहीत. बटवा उघडायचा, हवं ते पीस बोटात, बाकीची जागच्या जागी. आतलं दिसत नाही ही अडचण आहे, म्हणून प्रत्येक बटव्याच्या नाडीला त्या त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन वेढे दिलेत. माराबू बटव्यात गेल्यापासून चेनीत तंतूही येत नाहीत. म्हणजे पाऊचची कुरकुर आणि चेनीचं रडगाणं हे एकच दुखणं होतं, मी त्याला दोन आजार समजून बसलो होतो.

बटव्यात आईने पैठणीत ठेवायच्या वेखंडाच्या पुरचुंडीतले दोन तुकडेही टाकलेत. पिसं खाणाऱ्या किड्यांची धास्ती मला आहेच, पण नवीन पिसं मी आधी पुडीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवतो ते सोडलेलं नाही. बायकोच्या मते फ्रीझरमध्ये मटारशेजारी कोंबड्याची मान असू नये. तो विषय वेगळा.

मे महिन्यात दोन फेऱ्या झाल्या, चेन नीट चालली. तारे चार करतोय. पाचवा देणार नाही, कारण चेनची वाट अजून चुकीचीच आहे, आणि कापलेले दोरे-पिसं टाकायला खिसा नाही. मी विमानातली उलटीची पिशवी चिमट्याने अडकवतो. दीडशेची बॅग घ्यायची का, असं मित्र विचारत होता. त्याला म्हटलं, आधी घरात सुती सदरा आहे का बघ.

दाबलेला रनर कधीतरी पुन्हा सैल पडणार, म्हणून निघण्याआधी आईने त्याच्या मागे कोरलेला नंबर वहीत लिहून घेतला होता. परवा साताऱ्याहून फोन आला.

"अरे, पाच नंबरच ना? डझनभर घेतलेत. शेजारच्यांची मुलगी जूनमध्ये येतेय तिकडं, तिच्याजवळ देते."

शेजारच्यांची मुलगी न्यू जर्सीला येतेय. तिथून डेन्व्हरला पार्सल करायचा खर्च काढून पाहिला. तेवढ्या पैशांत साताऱ्यात बॅगभर रनर येतील. आईला म्हटलं, "बरं, दे."