दोन वजनकाटे: एक अचूक, एक परिशुद्ध. घ्यायचा कोणता?

प्रयोगशाळेसाठी डिजिटल काटा घ्यायचा आहे. दोन पसंत पडलेत आणि दोन्हींवर १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन पाच-पाच वेळा ठेवून पाहिलं, असं धरू.

पहिला काटा: ९९.७, १००.३, ९९.९, १००.४, ९९.८
दुसरा काटा: १००.४२, १००.४३, १००.४२, १००.४३, १००.४२

पहिल्याची सरासरी १००.०२ येते. सरासरी खऱ्या वजनाला धरून आहे, पण आकडे विखुरलेले: अचूकता बरी, परिशुद्धता कमी. दुसऱ्याचे आकडे एकमेकांना चिकटून आहेत, मात्र सगळेच सुमारे ०.४२ ग्रॅमने जास्त. परिशुद्धता उत्तम, अचूकता नाही. पडद्यावर दोन दशांश स्थळं दिसली की काटा अचूक वाटतो. दुकानात नेमकी तिथेच फसगत होते.

प्रमाणित वजनं हाताशी असतील, तर माझं मत निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने. पहिल्याचं विखुरणं सरासरीने कमी होतं खरं, पण ते दहापट कमी करायला शंभर वेळा वजन करावं लागतं. दुसऱ्याची चूक एका दिशेची आहे, म्हणून ती प्रमाणित वजनाशी जुळवणी (कॅलिब्रेशन) करून काढता येते. असे फरक कुठूनही येतात. दिल्लीत जुळवलेला काटा मुंबईत आणला, तर तिथलं गुरुत्वाकर्षण किंचित कमी असल्याने १०० ग्रॅममागे सुमारे ०.०५ ग्रॅम कमी दाखवेल. म्हणून जुळवणी काटा वापरायच्या जागीच करावी, आणि २०, ५०, २०० ग्रॅमलाही तपासावं: चूक सगळीकडे सारखीच आहे की वजनागणिक वाढते, ते तिथे कळतं.

प्रमाणित वजनं नसतील, तर मात्र दुसरा काटा धोक्याचा. कितीही वेळा वजन केलं तरी तो तेच चुकीचं उत्तर ठामपणे देत राहील. भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने तेलाच्या थेंबांवरच्या प्रयोगातून १९१३ साली इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराची किंमत दिली, ती ०.२ टक्क्यांपर्यंत खात्रीची म्हणून. प्रत्यक्षात ती सुमारे ०.६ टक्क्यांनी कमी होती, कारण हवेच्या श्यानतेचा (थेंबाच्या हालचालीला हवा करते त्या विरोधाशी निगडित गुणधर्माचा) घेतलेला आकडाच चुकीचा होता. तेलाचे आणखी थेंब मोजून ती चूक सापडली नसती.

एका कामात मात्र वजनं नसतानाही दुसराच काटा घ्यावा: नमुना वाळवण्याआधी आणि नंतर तोलून फरक काढायचा असेल तेव्हा. चूक दोन्ही वेळा सारखीच असेल, तर ती वजाबाकीत निघून जाते.