वाळवंटातला हिवाळा आणि ट्रेलरवरची सौर व्यवस्था: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिमेला, कॅलिफोर्नियाच्या सीमेपासून जवळच, क्वार्ट्‌झसाइट नावाचे छोटे गाव आहे. हिवाळ्यात अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या थंड प्रदेशांतून असंख्य आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्या, येथे येऊन थांबतात. गावाच्या दक्षिणेला ‘ला पोसा’ हा सुमारे ११,४०० एकरांचा सरकारी जमिनीचा पट्टा आहे आणि तेथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घ मुक्काम करता येतो. मात्र आपल्या जागेवर विजेची किंवा पाण्याची जोडणी मिळत नाही. अशा ठिकाणी निवांतपणे राहता यावे म्हणून आम्ही आमच्या ट्रेलरवर (गाडीमागे ओढून नेण्याच्या फिरत्या घरावर) ४०० वॅटचे सौर पॅनेल, १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आणि २,००० वॅटचा इन्व्हर्टर बसवून घेतला. ही व्यवस्था हिवाळ्यातले बरेच महिने वापरून झाल्यावर माझे मत असे आहे की ती उत्तम चालते. तरीही विक्रेते ज्या गोष्टींवर भर देतात त्यांपेक्षा वेगळ्याच गोष्टींवर तिचे यश अवलंबून असते.

पहिली गोष्ट म्हणजे पॅनेलचा कल. क्वार्ट्‌झसाइट ३३ ते ३४ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीदेखील सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर येतो आणि दिवस दहा तासांच्याही आतला असतो. आकाश निरभ्र असूनही छतावर सपाट पडलेल्या पॅनेलवर किरण तिरपे पडतात, आणि त्यामुळे आम्हाला दिवसाकाठी एक युनिटाच्या आसपासच वीज मिळत असे. तेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून ५५ अंशांच्या जवळपास उभे केले की आकडा पावणेदोन युनिटांपर्यंत जातो. म्हणून पॅनेल विकत घेताना आणखी शंभर वॅट वाढवण्यापेक्षा आधी कल देता येणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. फक्त वारा सुटण्याची चिन्हे दिसली की ते पॅनेल खाली घ्यावे लागतात, कारण येथील मोकळ्या मैदानात वाऱ्याला अडवणारे काहीच नाही. तेवढ्याच तत्परतेने ट्रेलरचे सावलीसाठीचे कापडी छतही गुंडाळावे लागते.

सकाळी उठल्यावर आमचे पहिले काम चहा ठेवण्याचे असले, तरी दुसरे काम बॅटरीचा मापक पाहण्याचे असते. लिथियम बॅटरीचा विद्युत दाब जवळजवळ शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो, म्हणून ट्रेलरसोबत आलेल्या दिव्यांच्या मापकावरून बॅटरी किती उरली आहे हे कळत नाही. तारेतून आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजणारा शंट बसवल्यावरच खरा हिशेब समजू लागला. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर काहीही जोडलेले नसताना दिवसभरात जवळजवळ अर्धे युनिट खातो, हेही त्या शंटमुळेच दिसले. तेव्हापासून तो फक्त लॅपटॉप चार्ज करताना आणि मिक्सर चालवताना सुरू केला जातो. दिवे, पाण्याचा पंप आणि फोन यांना १२ व्होल्टची वीज थेट मिळते.

बॅटऱ्या पुढच्या दांड्यावरील पेटीत न ठेवता आतल्या पलंगाखाली ठेवण्याचा निर्णयही योग्य ठरला. जानेवारीत येथे दिवसा तापमान वीस अंश सेल्सिअसच्या घरात जाते, पण पहाटे ते पाच अंशांखाली उतरते आणि क्वचित एखाद्या रात्री गोठणबिंदूला टेकते. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज केल्यास तिची हानी होते, म्हणून चांगल्या बॅटरीतील नियंत्रक त्या तापमानाला चार्जिंग थांबवतो. बाहेर ठेवलेल्या बॅटरीला अशा वेळी सकाळचे मोलाचे ऊन असूनही वाट पाहत बसावे लागते.

या व्यवस्थेचा खरा मोबदला मिळतो तो काहीही न ठरवलेल्या दिवशी. न्याहारीनंतर पॅनेल दक्षिणेकडे वळवावेत आणि दार लावून निघावे. एरवी जनरेटर लावून बसणाऱ्यांना त्याच्यापाशी थांबावे लागते, आम्हाला ते बंधन राहिले नाही. अशा दिवसांपैकी आमच्या विशेष आवडीचा दिवस म्हणजे पाम कॅन्यनचा. गावापासून दक्षिणेला सुमारे १८ मैल हमरस्त्याने आणि मग पूर्वेला सात मैल कच्च्या रस्त्याने गेल्यावर कोफा राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानात एका अरुंद घळीत कॅलिफोर्निया फॅन पाम जातीची झाडे उभी दिसतात. भोवती साग्वारो, ओकोटियो आणि चोया या काटेरी वाळवंटी वनस्पतींचे राज्य असताना ही ताडासारखी झाडे तेथे टिकून आहेत. घळ इतकी खोल आहे की तिच्यात ऊन फक्त दुपारच्या सुमारास शिरते, त्यामुळे लवकर पोहोचण्याची घाई करण्यात अर्थ नाही. (राज्याची सीमा जवळ असल्याने फोन मधूनच कॅलिफोर्नियाची वेळ दाखवू लागतो आणि हिवाळ्यात ती एक तास मागे असते. जेवणाची वेळ ठरवताना हे लक्षात ठेवलेले बरे.) परत आल्यावर खुर्च्या बाहेर मांडून बसण्याइतका वेळ उरतो आणि बॅटऱ्या भरलेल्या असतात.

रात्रीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ट्रेलरमध्ये बसवून मिळालेल्या फर्नेसबद्दल (आतली हवा तापवणाऱ्या भट्टीबद्दल) माझे मत फारसे चांगले नाही. तो प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि थंड रात्री जवळपास अर्धे युनिट ओढून घेतो. शिवाय ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचे एकक; येथे दर तासाचे) फर्नेस सलग चालला तर २० पौंडांचा सिलिंडर साधारण चौदा तासांतच संपतो. पंखा नसलेला, प्रोपेनवरचाच विकिरण हीटर वीज वाचवतो, परंतु तो खोलीतील ऑक्सिजन वापरतो आणि हवेत बाष्प सोडतो, म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू असल्याची खात्री करावी लागते. आम्ही तो फक्त जागे असताना वापरतो आणि झोपताना फर्नेस कमी तापमानावर लावून जाड रजई घेतो. पत्नीचे म्हणणे असे की रजईवरचा खर्च हा साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत फायद्याचा खर्च ठरला, आणि मला ते खोडून काढता आलेले नाही.

विजेचा प्रश्न असा बहुतांशी सुटल्यावर मुक्कामाची खरी मर्यादा पाण्याने ठरते. विक्रीच्या वेळी याबद्दल कोणी बोलत नाही. टाकीत दीडशे लिटर पाणी असले तरी ते वापरले की तेवढेच सांडपाण्याच्या टाकीत जमा होते आणि वाळवंटाच्या जमिनीवर ते सोडण्याची परवानगी नाही. अंग ओले करून नळ बंद करणे, साबण लावून पुन्हा सुरू करणे ही सवय लागते, आणि भांडी धुण्यापूर्वी ती कागदाने पुसून घेतली जातात. ला पोसाच्या दक्षिण भागात पाणी भरण्याची आणि टाक्या रिकाम्या करण्याची सोय आहे, पण प्रत्येक वेळी तेथे ट्रेलर ओढत नेणे म्हणजे मांडलेला संसार आवरणे होय. यासाठी पाणी आणायला गाडीत मावणारे कॅन आणि सांडपाणी नेण्यासाठी चाकांची टाकी घेतल्यास मुक्काम दुपटीने लांबतो. माझ्या मते हा खर्च तिसरी बॅटरी घेण्याआधी करावा.

एक इशारा मात्र खरेदीदारांसाठी नोंदवतो. ही व्यवस्था हिवाळ्यासाठीच पुरेशी आहे. एप्रिल उजाडला की ऊन कडक होते आणि वातानुकूलन यंत्राची गरज भासू लागते. ते यंत्र चालताना चौदाशे वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे भरलेल्या दोन्ही बॅटऱ्या दोन तासही पुरत नाहीत, आणि तेवढी वीज छतावरच्या पॅनेलमधून त्याच वेळी परत मिळत नाही. ज्यांना उन्हाळ्यातही फिरायचे आहे त्यांनी बॅटऱ्या वाढवत बसण्यापेक्षा विजेची जोडणी देणाऱ्या आरव्ही पार्कचा खर्च हिशेबात धरावा.