कॉटन पेपरवर सात महिने, आणि आबांची पोर्ट्रेट

फेब्रुवारीत जलरंगासाठी 300 जीएसएमचा (म्हणजे जाड), शंभर टक्के कॉटनचा कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत, कागद घेतला. 22 बाय 30 इंचाच्या फुल शीटचे चार भाग केले की पोर्ट्रेटला बरोबर बसणारा तुकडा मिळतो. आजवर असे चाळीसेक रंगवले. बहुतेकांवर आमचे आबाच आहेत.

आधी लाकडाच्या लगद्याच्या साध्या कागदावर करायचो. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, बघता बघता वाळायचा, दुसरा ब्रश फिरवला की खालचा रंग उचलून यायचा. माझाच हात जड आहे असं वाटायचं. कागद बदलल्यावर कळलं, मला वेळच मिळत नव्हता.

मोकळ्या हातानं, बारकावे न काढता केलेल्या पोर्ट्रेटचा जीव कडांमध्ये असतो. मी भुवईखालून सुरुवात करतो आणि नाकाच्या बाजूनं, ओठांखालून थेट मानेपर्यंत बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांची एकच ओली सावली उतरवतो. डोळा, नाक, ओठ वेगळे काढत नाही. उजेडाकडचा गाल कोरा ठेवतो. सावली ओली आहे तोवर गालाशी थोडा लाल सोडायचा, पटक्याची कड कपाळात विरघळू द्यायची. कॉटन ओल धरून ठेवतो म्हणूनच हे साधतं. रंग वाळला की फिका पडतो, त्यामुळे ओला असताना जरा जास्तच गडद वाटायला हवा. हे अंगवळणी पडायला दोन महिने गेले.

एप्रिलमध्ये ऊन वाढायच्या आत, सकाळीच बसायचो. जुलैत मात्र कोल्हापूरच्या पावसानं सगळा हिशेब बदलला. वॉश अर्धा अर्धा तास ओला राहतो, घाई केली की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग फुटतात. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहमान याच हवेत रंकाळा रंगवायचे, हे तेव्हा फार आठवायचं.

एक तक्रार आहे. ऑनलाइन मागवलेल्या एका गठ्ठ्याचं सायझिंग (रंग लगेच आत शिरू नये म्हणून कागदाला दिलेली खळ) गेलेलं निघालं. रंग टिपकागदासारखा आत शिरत होता आणि दुकानदारानं परत घेतला नाही. तेव्हापासून नव्या शीटच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघतो. लगेच जिरला तर त्यावर चेहरा करत नाही. उरलेला कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवतो.

महाग आहे, पण रंग कमी घ्या आणि कागद हाच घ्या. परवाच्या चित्रात आबांचा डावा डोळा सावलीत पूर्ण बुडालाय. आत्या दारातूनच म्हणाली, "दादाच हाय की! बसण्यावरनंच कळतंय."